नाकारलेल्या नोंदीचें मोल : ग्रामसंस्था व समलिंगी विवाहाची मान्यता

१

साखरा हें हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील गांव. या मुलखाची ओळख जुन्या पोथ्यांच्या व कागदांच्या संग्राहकांस मुख्यतः औंढा नागनाथाच्या क्षेत्रामुळें आणि नामदेवांच्या नरसीमुळें आहे. प्रस्तुत लेखांत मात्र आम्ही कोणतीही पोथी अथवा सनद छापीत नाहीं. साखऱ्यासारख्या गांवच्या ग्रामपंचायतींत विवाहनोंदीचें जें दप्तर कायद्यानें ठेवावें लागतें, त्या चालू दप्तराचा आम्हांस विचार करावयाचा आहे. चालू दप्तर हा संशोधकाचा विषय नव्हे, असें म्हणणारे कांहीं असतील. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, आज आपण ज्या कागदांस जुने म्हणतों ते सर्व एके काळीं चालू दप्तरच होते. आणि जे कागद त्या वेळीं लिहिलेच गेले नाहींत, ते आज कितीही धुंडाळले तरी हातीं लागत नाहींत.

प्रश्न असा आहे. दोन पुरुष अथवा दोन स्त्रिया आपला विवाह नोंदावा म्हणून गांवच्या कचेरींत आल्या, तर गांवच्या कारभाराच्या हातीं काय आहे व काय नाहीं? आणि त्या प्रसंगाचा कोणता कागद मागें राहतो? यांपैकीं पहिल्या प्रश्नाची चर्चा न्यायालयांत व वृत्तपत्रांत पुष्कळ झाली आहे. दुसऱ्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. अशा विवाहास मान्यता देणें ग्रामसंस्थेच्या अधिकारांत नाहीं. पण नकार लेखी देणें तिच्या अधिकारांत आहे, व तें तिचें कर्तव्यही आहे. देशोदेशींचा आणि आपल्याकडील अनुभव पाहतां, जेथें जेथें पुढें कांहीं घडलें तेथें तेथें बहुधा असा एखादा नकाराचा कागदच मुळाशीं सांपडतो.

२

विवाहाची सरसकट नोंद ठेवण्याची चाल मराठी राज्यांत नव्हती. लग्न होई तें जोशी-उपाध्यांच्या हातून व गोताच्या साक्षीनें. त्याचा पुरावा म्हणजे मांडवांत बसलेलीं माणसें. तरीही विवाह सरकारी कागदांत येतो, आणि तो बहुधा वसुलाच्या वाटेनें येतो. लग्नटका म्हणजे लग्नावरील पट्टी, आणि पाटदाम म्हणजे पाटावरील पट्टी. ज्या विवाहापासून सरकारास कांहीं येणें असे, त्याची आठवण कारकून ठेवी. विधवांच्या पुनर्विवाहास इंग्रजी राज्यांत कायद्यानें मान्यता मिळाली ती सन १८५६ मध्यें. परंतु ज्या जातींत पाटाची चाल होती, त्यांच्या पाटांचा पैसा त्यापूर्वींच हिशेबांत जमा होत असे. पाटास मान्यता द्यावी असा लिहिणाराचा हेतु नव्हता. पट्टी घेतांना ती मान्यता ओघानेंच लिहिली गेली. कायदा आणि दप्तर यांची चाल नेहमीं एकच नसते, हें येथें ध्यानांत घ्यावें.

दुसरी गोष्ट वादाच्या कागदांची. गोतसभेंत अथवा मजालसींत निवाडा झाला म्हणजे जिंकणाराच्या हातीं निवाडपत्र पडे, आणि हरणाराकडून येजितखत लिहून घेत. हरलेल्या पक्षाचें म्हणणें काय होतें व तें कां टिकलें नाहीं, हें आज आपणांस कळतें तें अशा कागदांच्या आधारें. पाटीलकीच्या व जोसपणाच्या भांडणांचा इतिहास इतक्या बारकाईनें लिहितां येतो, याचें कारण त्या काळच्या लोकांनीं हारही कागदावर ठेवली. मंडळाच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं अशीं येजितखतें आहेत, त्यांस त्यांचें मोल निराळें सांगावयास नको.

३

आतां साखऱ्याकडे वळूं. सन १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, परभणी जिल्ह्यांत होता. गांवचा कारभार माली पाटील, पोलीस पाटील व पटवारी यांच्याकडे असे, आणि वरच्या कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. मुंबई राज्यानें विवाहनोंदणीचा कायदा केला तो सन १९५३ चा. त्या वेळीं साखरा मुंबई राज्यांत नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्यांत. पुढें १ मे १९९९ रोजीं परभणींतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

सध्यांच्या नोंदींचा आधार म्हणजे महाराष्ट्र विवाह मंडळांचें विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८. या कायद्यान्वयें खेड्यांत ग्रामसेवक हाच विवाह निबंधक होतो. सन २०२४ पासून त्या पदास ग्रामपंचायत अधिकारी असें नांव मिळालें आहे. पुढें १४ फेब्रुवारी २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व धर्मांच्या लोकांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी असा निर्देश दिला, तेव्हांपासून या पुस्तकाचें महत्त्व वाढलें. नोंदीचा जो छापील नमुना भरून द्यावा लागतो, त्यांत एक भाग वराचा व एक वधूचा. त्यांचीं नांवें, वयें, राहण्याचीं ठिकाणें, विवाहापूर्वींची स्थिति, सह्या. पुढें लग्न लावणाराची व तीन साक्षीदारांची सही. कागद साधा आहे. पण त्यांत वर व वधू हीं दोन घरें छापलेलीं आहेत, आणि सारा प्रश्न त्या दोन घरांशीं येऊन थांबतो.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न ओळखल्यानें पुष्कळ घोटाळा होतो. वरील पुस्तकांतील नोंदीनें विवाह होत नाहीं. झालेल्या विवाहाचा पुरावा तयार होतो. हिंदूंचा विवाह सन १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें रूढ विधींनीं होतो. सन १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचें तसें नाहीं. तेथें विवाह अधिकाऱ्यापुढेंच विवाह घडतो. त्यासाठीं ग्रामपंचायतींत जाऊन भागत नाहीं. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जावें लागतें. तेथें दोघांपैकीं एकानें तरी त्या जिल्ह्यांत निदान तीस दिवस वास केलेला असावा लागतो. अर्जाची सूचना कचेरींत सर्वांस दिसेल अशा जागीं लावतात, आणि हरकत घेण्यास तीस दिवसांची मुदत असते. या कायद्याच्या चवथ्या कलमाचा आरंभ कोणत्याही दोन व्यक्तींच्या विवाहाचा उल्लेख करतो. पण त्याच कलमांत पुढें पुरुषास एकवीस व स्त्रीस अठरा वर्षें पूर्ण असावीं अशी अट आहे. कलमाच्या आरंभास धरावें कीं पुढील अटीस, हाच सर्वोच्च न्यायालयापुढील वादाचा एक मुख्य मुद्दा होता.

४

त्या वादाचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं लागला. तत्पूर्वीं ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलिंगी संबंधांस गुन्ह्यांतून वगळलें होतें. म्हणजे सन १८६० च्या दंडसंहितेचें ३७७ वें कलम तेवढ्यापुरतें निकालांत निघालें होतें. सन २०२३ च्या खटल्यांत मुख्य न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालीं पांच न्यायमूर्तींचें घटनापीठ बसलें होतें. विवाहाचा निरपवाद मूलभूत हक्क राज्यघटनेंत नाहीं, आणि विशेष विवाह कायद्याचा शब्दार्थ बदलून समलिंगी विवाह त्यांत बसवितां येत नाहीं, याविषयीं पांचांचें एकमत झालें. अशा जोडप्यांच्या सहजीवनास कायदेशीर मान्यता देण्याचें बंधन राज्यावर आहे कीं नाहीं, याविषयीं तीन विरुद्ध दोन असा भेद पडला, व बहुमत नकाराच्या बाजूस गेलें. पुनर्विलोकनाचे अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजीं फेटाळले गेले. प्रश्न कायदेमंडळाचा आहे, असें न्यायालयानें ठरविलें.

कायदेमंडळ म्हणजे कोणतें, हें पाहिलें पाहिजे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टांत विवाह हा विषय समवर्ती सूचींत पांचव्या क्रमांकास आहे. म्हणजे संसदेबरोबर राज्याचें विधिमंडळही त्यावर कायदा करूं शकतें, मात्र संसदेच्या कायद्याशीं विरोध येत असेल तर राष्ट्रपतींची अनुमति लागते. ग्रामपंचायतीकडे सोंपवावयाच्या विषयांची यादी अकराव्या परिशिष्टांत आहे. तींत शेतीपासून सामूहिक मालमत्तेच्या देखभालीपर्यंत एकोणतीस विषय आहेत; विवाह त्यांत नाहीं. तेव्हां साखऱ्याच्या ग्रामसभेनें एकमतानें ठराव केला तरी त्यानें कोणाचा विवाह कायदेशीर होणार नाहीं, आणि तसाच उलट ठराव केला तरी कोणाचा हक्क नाहींसा होणार नाहीं.

५

खालच्या सत्तेनें आधीं पाऊल टाकावें व वरच्या सत्तेनें मागाहून यावें, असा क्रम आपल्या विवाहकायद्यांच्या इतिहासांत नवा नाहीं. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा कायदा सन १९१९ मध्यें केला. त्याच सुमारास विठ्ठलभाई पटेल यांचें तशाच आशयाचें विधेयक हिंदुस्थान सरकारच्या कायदेमंडळांत होतें. तें कायद्यांत उतरलें नाहीं. भिन्न जातींच्या हिंदूंचे विवाह सर्व देशभर वैध ठरविणारा कायदा झाला तो सन १९४९ मध्यें, म्हणजे कोल्हापुरानंतर तीस वर्षांनीं. एकपत्नीत्वाचा नियमही असाच आला. मुंबई प्रांतानें हिंदूंच्या द्विभार्या विवाहास सन १९४६ मध्यें बंदी केली. सर्व हिंदुस्थानास तो नियम लागू झाला सन १९५५ मध्यें.

या दाखल्यांवरून घाईनें अनुमान काढूं नये. कोल्हापूर हें संस्थान होतें व मुंबई हा प्रांत होता. दोघांसही कायदा करण्याची सत्ता होती. साखऱ्यास ती नाहीं. म्हणून या दाखल्यांचा उपयोग मुंबईच्या विधिमंडळास होईल, सेनगांव तालुक्यांतील ग्रामसभेस होणार नाहीं. ज्यांस कायदा करण्याची सत्ता नव्हती अशा नगरपालिका व ग्रामपालिका यांनीं परदेशांत काय केलें, हें पाहणें अधिक उपयोगाचें आहे.

६

सत्ता नसतां विवाह लावून देण्याचा मार्ग अमेरिकेंत अवलंबिला गेला. कोलोराडोंतील बोल्डर परगण्याच्या दप्तरदार क्लीला रोरेक्स यांनीं सन १९७५ च्या वसंतांत सहा समलिंगी जोडप्यांस विवाहाचे परवाने दिले. राज्याच्या महाधिवक्त्याच्या अभिप्रायानंतर तें थांबलें. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनीं १२ फेब्रुवारी २००४ पासून असे परवाने देणें सुरू केलें. ११ मार्चपर्यंत सुमारें चार हजार जोडप्यांनीं ते घेतले, आणि १२ ऑगस्ट २००४ रोजीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें ते सर्व रद्द ठरविले. कारण स्पष्ट होतें : कायद्याचा अर्थ आपल्या मतानें लावण्याची सत्ता नगरास नाहीं. फ्रान्समध्यें बेगल या नगराचे महापौर नोएल मामेर यांनीं ५ जून २००४ रोजीं लावलेल्या विवाहाचीही हीच गति झाली.

जपानांत निराळी रीत पडली. तोकियोंतील शिबुया विभागाच्या सभेनें सन २०१५ च्या ३१ मार्चला एक उपविधि मंजूर केला, आणि त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरला शिबुया व सेतागाया या दोन विभागांनीं समलिंगी जोडप्यांस सहजीवनाचे पहिले दाखले दिले. या दाखल्यानें विवाह होत नाहीं, वारसा मिळत नाहीं, हें त्यांनीं उघड सांगितलें. पण घर भाड्यानें घेतांना किंवा रुग्णालयांत जोडीदाराजवळ जातांना तो कागद उपयोगी पडूं लागला. पुढें जपानांतील शेंकडों स्थानिक संस्थांनीं ही रीत उचलली, व १ नोव्हेंबर २०२२ पासून तोकियो महानगर सरकारनेंही असे दाखले सुरू केले. आपल्याकडे जितकें देण्याची सत्ता आहे तितकेंच दिल्यामुळें ते दाखले रद्द करण्याचा प्रसंग आला नाहीं.

आमच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद उदाहरण तैवानचें आहे. काओशुंग नगरानें मे २०१५ पासून व तैपेई नगरानें जून २०१५ पासून कुटुंबनोंदींत समलिंगी जोडीदारांची टीप घेण्यास आरंभ केला. पण तैपेई तेवढ्यावर थांबलें नाहीं. विवाहाची नोंद मागणाऱ्या जोडप्यांस त्या नगराच्या कचेऱ्यांस कायद्याप्रमाणें नकार द्यावा लागत होता. तेव्हां, आम्हांस द्यावा लागणारा हा नकार घटनेस धरून आहे काय, असा प्रश्न नगर सरकारनेंच घटना न्यायालयास विचारला. समलिंगी विवाहासाठीं अनेक वर्षें झगडणारे ची च्या-वेई यांचा अर्ज व नगराचा अर्ज एकत्र चालले, आणि २४ मे २०१७ रोजीं निकाल अर्जदारांच्या बाजूनें लागला. विवाहाचा कायदा २४ मे २०१९ पासून अमलांत आला. येथें स्थानिक संस्थेनें कायदा मोडला नाहीं, अधिकार नसतां विवाहही लावला नाहीं. आपण दिलेला नकार तिनें स्वतः वरच्या न्यायासनापुढें नेऊन ठेवला.

शेजारच्या नेपाळांत जून २०२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा विवाहांची तात्पुरती नोंद ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्या आदेशानंतरही जुलैंत काठमांडूच्या जिल्हा न्यायालयानें एका जोडप्यास नकार दिला. शेवटीं २९ नोव्हेंबर २०२३ रोजीं त्या जोडप्याचा विवाह नोंदला गेला तो लमजुंग जिल्ह्यांतील दोर्दी या गांवपालिकेंत. त्या दोघांपैकीं एक तृतीयपंथी स्त्री होती व कागदोपत्रीं पुरुष होती. राजधानींत जी नोंद झाली नाहीं ती डोंगराळ मुलखांतील एका गांवपालिकेच्या पुस्तकांत झाली, हें साखऱ्यासारख्या गांवचा विचार करणारानें विसरूं नये. अर्थात् गांवपालिकेनें ती वरच्या न्यायालयाच्या आदेशाच्या आधारें केली.

७

आतां आपल्याकडील कागद पाहूं. सन २०२० च्या अखेरीस जळगांव जिल्ह्यांतील भादली येथें ग्रामपंचायतीची निवडणूक होती. अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवारानें स्त्रियांच्या राखीव जागेसाठीं अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यानें तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें जानेवारी २०२१ मध्यें तो नकार रद्द केला, व त्या निवडणुकींत त्या निवडून आल्या. हिंगोली जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेंत येतो. हा विवाहाचा प्रश्न नव्हे, हें खरें; परंतु छापील नमुन्याच्या घरांत न बसणारा माणूस गांवच्या कारभारापुढें आला म्हणजे काय घडतें, याचें हें आपल्याच भूमींतील उदाहरण आहे.

दुसरा दाखला तामिळनाडूंतील तूतीकोरिनचा. तेथें एका पुरुषाचा व तृतीयपंथी स्त्रीचा देवळांत झालेला विवाह नोंदण्यास निबंधकानें नकार दिला. २२ एप्रिल २०१९ रोजीं मद्रास उच्च न्यायालयानें तो नकार रद्द करून, हिंदु विवाह कायद्यांतील वधू या शब्दांत तृतीयपंथी स्त्रीचाही समावेश होतो असा निर्णय दिला. सन २०२३ च्या निकालांतही सर्वोच्च न्यायालयानें विषमलिंगी संबंधांत असलेल्या तृतीयपंथी व्यक्तींस प्रचलित कायद्यांप्रमाणें विवाह करतां येतो असें म्हटलें आहे. तेव्हां साखऱ्याच्या विवाह निबंधकापुढें असें जोडपें आलें, तर त्याचा अर्ज समलिंगी समजून परत करणें चुकीचें होईल.

आतां ज्यांचा कागद झालाच नाहीं अशांकडे पाहूं. हिंगोलीस लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या ठिकाणीं डिसेंबर २०१७ च्या अखेरीस दोन पुरुषांचा विवाहसमारंभ झाला, व त्याची वार्ता सर्वत्र पसरली. वृत्तपत्रांचीं कात्रणें उरलीं. विवाहनोंदीच्या कोणत्याही पुस्तकांत त्यास जागा नव्हती. समारंभ न करतां, गाजावाजा न होतां, वर्षानुवर्षें एका घरांत राहणाऱ्या जोड्यांचें तर असें कात्रणही उरत नाहीं. त्यांचा शोध पुढील संशोधक घेऊं लागेल तेव्हां त्याच्या हातीं काय येईल? मुलगी हरवल्याची पोलिसांकडील तक्रार, पळून गेलेल्या दोघींनीं संरक्षणासाठीं न्यायालयांत केलेला अर्ज, एखादा पंचनामा. म्हणजे ज्यांनीं घर मांडलें त्यांची स्मृति हरवलेलीं माणसें म्हणून राहील. पाटाचा पैसा घेणाऱ्या कारकुनानें पाटाची जेवढी नोंद ठेवली, तेवढी देखील आपल्या काळाची या घरांविषयीं राहणार नाहीं, हें आम्हांस संशोधक म्हणून लाजिरवाणें वाटतें. आणि प्रश्न केवळ पुढील संशोधकाचा नाहीं. जोडीदार आजारी पडला किंवा वारला म्हणजे, तूं याचा कोण, असें ज्याला आज विचारतात, त्याच्या हातींही दाखविण्यास कांहीं नसतें.

८

साखऱ्याच्या ग्रामपंचायतीस आजच्या कायद्यांत राहून काय करतां येईल, तें क्रमानें सांगतों.

पहिलें, नकार लेखी द्यावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याप्रमाणें अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारावयाचा असेल तर त्याचीं कारणें लिहून कळवावीं लागतात. विवाहनोंदणीचा दाखला ही ग्रामपंचायतीची अशीच सेवा आहे. हा अर्ज आमच्याकडे चालत नाहीं, असें तोंडी सांगून माणसास दारावरून परत लावणें सोपें पडतें. पण तोंडी नकारावर अपील होत नाहीं व इतिहासही लिहितां येत नाहीं. भादली व तूतीकोरिन येथें न्याय मिळाला तो अधिकाऱ्याचा नकार न्यायालयापुढें मांडतां आला म्हणून.

दुसरें, जीं पुस्तकें विवाहावर अवलंबून नाहींत त्यांत खरी स्थिति लिहावी. करआकारणीच्या नमुना ८ या नोंदवहींत मालकाचें व भोगवटादाराचें नांव असतें. दोघांनीं मिळून घर घेतलें असेल तर दोघांचीं नांवें लागण्यास नातें विचारण्याचें कारण नाहीं. शिधापत्रिकेपुरते समलिंगी जोडीदार एका कुटुंबांतले समजावे, आणि त्यांनीं बँकेंत संयुक्त खातें काढण्यास हरकत नाहीं, असें केंद्र सरकारनें सन २०२४ मध्यें कळविलें आहे. पाटाप्रमाणें येथेंही मान्यता आधीं हिशेबाच्या वाटेनें येत आहे.

तिसरें, ग्रामसभेचा ठराव. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या ठरावास कायद्याचें बळ नव्हतें. तरी त्याच महिन्यांत राज्य सरकारनें तो कित्ता इतर ग्रामपंचायतींनीं गिरवावा असें परिपत्रक काढलें. विवाहाच्या प्रश्नावर ग्रामसभेस राज्याकडे विनंती पाठवितां येईल. एखाद्या ग्रामसभेस तशी इच्छा होणार नाहीं, हेंही शक्य आहे. तिनें निदान कोणास वाळींत टाकण्याचा विचार मनांत आणूं नये, कारण सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रांत सन २०१६ च्या कायद्यानें गुन्हा आहे.

या सर्वांवर एक आक्षेप येईल, व तो आम्हांस गंभीर वाटतो. खेड्यांत कागद झाला म्हणजे बोभाटा झाला. विशेष विवाह कायद्याची भिंतीवरची सूचना पाहून आईबापांनीं मुलामुलींस ओढून नेल्याचीं उदाहरणें भिन्न जातींच्या व भिन्न धर्मांच्या जोडप्यांत झालीं आहेत. समलिंगी जोडप्यास तर हें भय अधिक. ज्यास कागद नको असेल त्याचा कागद करूं नये, हा नियम म्हणून प्रथम मानला पाहिजे. अर्ज करणें ही ज्याची त्याची इच्छा; मात्र ज्यानें अर्ज केला त्यास उत्तर लेखी मिळावें, आणि त्या उत्तराची प्रत चावडीवर लावण्यासाठीं नसून दप्तरांत जपण्यासाठीं असावी. कागद होणें व कागद प्रसिद्ध होणें या निराळ्या गोष्टी आहेत, हें संग्राहकांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

म्हणून मंडळाच्या सभासदांस आमची विनंती अशी आहे. ग्रामपंचायतीचें जुनें दप्तर चाळतांना किंवा एखाद्या घराण्याचें दफ्तर पाहतांना नाकारलेला विवाह-अर्ज, सहजीवनाचा करार, दोन स्त्रियांच्या अथवा दोन पुरुषांच्या नांवचें मृत्युपत्र, घराच्या उताऱ्यावरील जोड नांवें असा कांहीं कागद आढळला, तर तो निरुपयोगी समजून रद्दींत घालूं नये. मालकाच्या अनुमतीनें त्याची नक्कल करावी. गांव, सन व कागदाचा प्रकार टिपावा. आणि माणसें हयात असेपर्यंत नांवें झांकून ठेवावीं. कायदा मुंबईस किंवा दिल्लीस बदलेल तेव्हां बदलेल. तोंपर्यंत साखऱ्याच्या कचेरींत कोणी आलें होतें, त्यानें काय मागितलें व त्यास काय उत्तर मिळालें, एवढें तरी लिहिलेलें असावें.